धुरा सरकवण्याआधी

फोनवर सुनंदावहिनी आधी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले..." मग, "आन दुकानातलं मशीन चालूच हाय. कोनाले हात लावू देऊ नोका म्हनले होते." माझ्या मित्राला, सुधाकरला, हृदयाच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला नेलं होतं. तारीख दोनदा ठरवून त्याने दोनदा मोडली होती. तिसऱ्यांदा गेला, पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच संपला.

शोकसभेत एका पुढाऱ्याने त्याला 'डिजिटल युगाचा शिल्पकार' केलं. सुधाकर अकोल्याकडच्या मालेगावात लग्नाचं शूटिंग करायचा. किन्हीराजापासून जऊळक्यापर्यंतची लग्नं त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या एकाच डिस्कवर होती, आणि त्या डिस्कच्या काळजीने तो कायम अर्धा आजारी असे. डिस्कचे दोन भाग. लहान भागात विंडोज, तो गच्च भरलेला, मोठ्यात लग्नं. मधली सीमा सरकवून विंडोजला थोडी जागा दिली की काम भागणार होतं. त्याचं सॉफ्टवेअर मोठं समजूतदार. तुम्ही माउसने सीमा ओढा, ते फक्त चित्र बदलतं आणि बदल यादीत लिहून ठेवतं. 'अप्लाय' दाबेपर्यंत डिस्कला धक्का नाही. तोवर 'अन्डू' दाबून एकेक पाऊल मागे येता येतं. सुधाकर रोज चहानंतर सीमा ओढायचा, यादी वाचायचा आणि सगळं मागे घ्यायचा.

"अरे, दाब ना एकदाचं!" मी चिडायचो.

"तुमचं काय जाते, मास्तर? आपल्याकडं वावराचा धुरा-बांध हातभर सरकला त दोन पिढ्या कोर्टात जातात. हा त बोटानं सरकून राह्यला. भ्याव नाही वाटनार?"

"मग आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी कर."

"आन तेच खराब निंगाली त?"

असं म्हणून तो पुन्हा 'अन्डू' दाबायचा.

तेरवी झाल्यावर मी दुकानात गेलो. पडद्यावर त्याची शेवटची यादी तशीच होती, चार बदल. वहिनी शेजारी स्टुलावर बसल्या. "याच्यात यांचा एकबी फोटो नाही, भाऊजी. सारी जिंदगी कॅमेऱ्याच्या मांगं. फक्त आवाज हाय."

तेव्हा कुठे मला कळलं, आपण कशाला हात लावतो आहोत. त्यातच लाइट गेली. इन्व्हर्टर टीक टीक करू लागला. अन्डूने काही बिघडत नाही हे मला पाठ होतं. बोटाला ते पटत नव्हतं.

"अन्डू दाबू का, वहिनी?"

"मांग येता येते ना? मंग दाबा."

एक... दोन... वहिनी पदराचं टोक घट्ट धरून होत्या. चौथ्याला यादी रिकामी झाली आणि सीमा जुन्या जागी आली. मग नवी डिस्क लावून सगळं कॉपी केलं. ते संपेपर्यंत लाइटही आली. नीट उतरलं का पाहायला नव्या डिस्कवरचं एक लग्न उघडलं. किन्हीराजाचा कुठला तरी मांडव, अवघडून उभ्या बायका, आणि कॅमेऱ्यामागून तो ओरडला, "ओ ताई, पदर नीट घ्या! हां... आता इकडं पाहा."

सुनंदावहिनींनी पदर नीट केला आणि पडद्याकडे पाहिलं.