कमांडर डार्मश्टाटला येतात

शांतता-चर्चा म्हटलं की लोकांना झेंडे, हस्तांदोलन आणि फोटो आठवतात. आमच्याकडे फोटो कमी, किस्से जास्त. फोटोला दोन मिनिटं लागतात. एकमेकांवर गोळ्या झाडलेली माणसं एका टेबलाशी टिकवायला चार दिवस! त्या चार दिवसांत ती जेवतात, चिडतात, रुसतात. मग किस्से साठणारच की.

मी पुण्याची, सॉफ्टवेअरवाली. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या छोट्या संस्थेचं ऑफिस आहे. सोमालियातल्या सशस्त्र टोळ्यांच्या कमांडरांना आम्ही बोलणी करायला बोलावतो. तिथली साधी माणसं त्यांच्यासाठी फोनवर प्रश्न रेकॉर्ड करतात. ती फोन लाइन मी सांभाळते. प्रश्न सगळ्यांसमोर ऐकायचा आणि सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं, एवढीच अट. बॉस हायके, पक्की जर्मन. दुभाषी हावो, मोगादिशूची, पूर्वी नर्स होती. कागदोपत्री हायके बॉस. बाकी वेळ हावो.

*

पहिल्याच बैठकीला मी बॅज छापायला घेतले. नऊ पाहुणे, त्यात पाच मोहम्मद!

हावो म्हणाली, "आमच्याकडे टोपणनावानेच ओळखतात. तेच छाप." टोपणनावं कसली, तर लंगडा, लांबकान्या, दातपडका. हायके पांढरीफटक पडली. "अगं, लोक उठून जातील!"

सकाळी लांबकान्या बॅज हातात नाचवत तणतणत आला. हायके माफी मागायला उठलीच होती.

तो म्हणाला, "स्पेलिंग चुकलंय!"

*

आमच्या इमारतीचे हाउसमाइस्टर, म्हणजे देखभाल बघणारे गृहस्थ, नियमाला एकदम कडक. एक कमांडर बॅज हॉटेलवर विसरला. त्याचा गावाकडे रस्त्यावर नाका होता, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रककडून वसुली चालायची. इथे हाउसमाइस्टरांनी त्यालाच दारात अडवलं. "बॅज नाही? मग आत नाही." कमांडर ओरडला, मग गोड बोलला, मग खिशात हात घातला. काही उपयोग नाही. पाऊस भुरभुरत होता. वीस मिनिटांनी कोणीतरी बॅज घेऊन धावत आलं.

आत येऊन तो हावोला म्हणाला, "हा माणूस मला द्या. माझ्या नाक्यावर ठेवतो."

हावो म्हणाली, "तुमच्या कामाचा नाही. पैसे घेत नाही तो."

*

हायकेचं प्रोटोकोल, म्हणजे बैठकीची नोंद, हा एक वेगळाच प्रकार आहे. जे बोललं जाईल ते सगळं लिहायचं. एकदा एका कमांडरच्या तोंडून निघून गेलं की शाळेजवळची तोफ त्याचीच आहे. लगेच सावध होऊन म्हणाला, "हे लिहू नका."

संध्याकाळी सगळ्यांना नोंद वाटली. त्यात दोन ओळी होत्या. 'शाळेजवळची तोफ आपली असल्याचे कमांडर म्हणाले. हे लिहू नका, असेही कमांडर म्हणाले.'

दुसऱ्या दिवशी तोफ हलवायची तारीख त्याने स्वतःहून दिली. तीही हायकेने लिहिली!

*

उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. एकदा जेवताना मी कामाचं सांगत होते. त्यांनी शांतपणे भात कालवला आणि विचारलं, "अगं, पण या मेल्यांच्या आया कुठे आहेत?"

मी हे हसत हसत ऑफिसात सांगितलं. हायके हसली नाही. तिने वही काढली. पुढच्या बैठकीला तीन सोमाली आज्या टेबलाशी हजर, तिघी जर्मनीतच राहणाऱ्या. आदल्या दिवशी चाळीस मिनिटं भाषण ठोकणारा कमांडर एकीला बघून ताडकन उभा राहिला. त्याची मावशी! ती म्हणाली, "बस. आधी ऐक." तो बसला. त्या दिवशी एकूण दोन मिनिटं बोलला.

घरी येऊन मी कौतुकाने म्हटलं, "अहो आई, तुमच्यामुळे तो दोनच मिनिटं बोलला!"

"जास्तच झाली," सासूबाई म्हणाल्या.

*

एक प्रसंग मात्र हसण्यासारखा नाही. आम्ही पहिलाच रेकॉर्ड केलेला प्रश्न लावला. एक बाई आपल्या मुलाबद्दल विचारत होती. एका कमांडरने हात वर केला. "असले कुणाचेही आवाज मी ऐकणार नाही. प्रश्न लेखी द्या."

हावोने आमच्यासाठी त्याचं जर्मन केलं. मग माइक बंद केला आणि त्याला सोमालीत काहीतरी म्हणाली. कमांडरने मान खाली घातली आणि म्हणाला, "लावा."

नंतर हायकेने विचारलं, "काय बोललीस तू?"

"गावातली शाळा तुम्ही जाळलीत, आता लिहिणार कोण? असं विचारलं."

"दुभाष्याने स्वतःचं बोलायचं नसतं, हावो."

"माहितीये."

"परत बोलशील?"

"हो."

"गूट, छान," हायके म्हणाली आणि निघून गेली.

*

एका जनरलच्या ताब्यात नदीवरचा पूल होता. हॉस्पिटल पलीकडच्या तीरावर. चार दिवस घासाघीस झाल्यावर त्याने कबूल केलं, आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दिलं: "बाळंतिणीची गाडी पुलावर अडवणारा माझा माणूस नव्हे." आम्ही ते फोन लाइनवरून गावोगाव पाठवलं.

जनरल घरी गेला. तीन आठवड्यांत पूल पुन्हा बंद.

तरीही एका सुईणीने गाडी पुलावर नेली. मागच्या सीटवर कळा देणारी बाई. पोरांनी बंदुका रोखल्या. "जनरलचा हुकूम आहे, कोणी जायचं नाही." सुईणीने फोन स्पीकरवर टाकला आणि जनरलचा आवाज लावला. पोरांनी एकदा ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. मग आडवा बांबू उचलला.

बाळंतपण उरकल्यावर सुईणीने हे सगळं आमच्या फोन लाइनवर सांगितलं, आणि मागोमाग खुद्द जनरलचा फोन आला. तो इतका ओरडत होता की फोन कानापासून लांब धरूनही आम्हाला ऐकू येत होतं. हावो आमच्यासाठी एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत होती.

"माझ्या पुलावर माझ्या माणसांना हुकूम कोणी दिला?"

"तुम्हीच, जनरल," हावो म्हणाली.

जनरलचा आवाज एकदम खाली आला.

त्याने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"जुळं आहे. उद्या परत येतील," हावो म्हणाली. "तिघांना सोडायला सांगा."