थोर संशोधकाच्या घरात ‘अज्ञात कारागीर’

२०१६च्या उन्हाळ्यात मला तारानाकीचा डोंगर बघायचा होता. माझ्या नवऱ्याला, समीरला, वाटेवरच्या एका गावातलं वसाहतकालीन संशोधक-मंत्र्याचं घर बघायचं होतं. आम्ही दोघंही ईस्ट टामाकीत दिवसभर मशीन्सशी झटणारे इंजिनिअर, सुट्टीतही मशीनच! पण गेलो.

आमच्या उपनगरातून, फ्लॅट बुशहून, लवकर निघा, नाहीतर आमच्यासारखे बॉम्बे हिल्सच्या चढावर ट्रॅफिकमध्ये रखडाल. मोकाऊला व्हाइटबेट फ्रिटर चुकवू नका: अंड्याच्या धिरड्यात इवले इवले मासे. पुढे वळणंच वळणं. आमच्या दहा वर्षांच्या इराला गाडी लागली, ती थेट त्या गावापर्यंत.

चौकात त्या मंत्रीसाहेबांचा पुतळा, छाती अशी फुगवलेली की बटणं तुटावीत. घराचं तिकीट एका कॉफीपेक्षा थोडं महाग. पांढऱ्या मिशांचे स्वयंसेवक आजोबा माहिती देत होते. साहेबांनी हराकेकेचं, म्हणजे आपल्या घायपातासारख्या झाडाचं, पान सोलून धागा काढायचं यंत्र बनवलं आणि ‘स्थानिकांना उद्योग शिकवला’. मंत्री झाल्यावर माओरींची हराकेकेची दलदल सरकारजमा केली आणि लगेच स्वतःच्या गिरणीला भाड्याने घेतली.

"दूरदृष्टी!" आजोबा म्हणाले.

आमच्याकडे याला दुसरा शब्द आहे.

यंत्राचा धागा हाताला लागला काथ्यासारखा. शेजारच्या काचेत मात्र एक काकाहू होता: हातांनी धागा काढून विणलेलं, अंगावर पांघरायचं वस्त्र, रेशमासारखं झळझळणारं. उद्योग शिकवला म्हणे! खाली पाटी: ‘अज्ञात कारागीर’.

"अज्ञात नाही," मागून आवाज आला. जँडल्स, म्हणजे रबरी चपला घातलेली, पन्नाशीची माओरी बाई होती. हुइया तिचं नाव, हायस्कूलमध्ये विणकाम शिकवते. "माझ्या आजीची आई. मेरेआना. त्याच दलदलीकाठी राहायची. मी दर उन्हाळ्यात येऊन सांगते."

"कमिटीपुढे ठेवलंय," आजोबा पुटपुटले.

इराला मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिने आजोबांना सरळ विचारलं, "बट यू नो हर नेम नाऊ. सो व्हाय डझ इट से अननोन?"

आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. समीर, जो हॉटेलात गार चहासुद्धा परत पाठवत नाही, म्हणाला, "कमिटीच्या बाईंना बोलवा. आम्ही थांबतो."

बाई आल्या. पुरावा हवा म्हणाल्या. हुइयाने काठाची, त्यांच्या घराण्यात चालत आलेली वीण दाखवली, मग फोनमधला जुना फोटो: तोच काकाहू पांघरलेली मेरेआना, मांडीवर हुइयाची आजी. मी म्हटलं, "साहेबांनी दलदल घेतली तेव्हा कोणी पुरावा मागितला होता का?" बाई लाल झाल्या. "बघू," म्हणाल्या. हुइया हसली. तिला ‘बघू’ची सवय होती.

बाहेर तिने आम्हाला ती दलदल दाखवली. आता तिथे गाई चरतात, कुंपणाकडेला हराकेकेचं एकच बेट उरलंय. तिने एक बाहेरचं पान कापलं आणि शिंपल्याने सोललं. पांढरा, मऊ धागा निघाला. इरा गाडी लागल्याचं विसरून तिथेच बसली. डोंगर ढगात होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर समीर त्या यंत्राबद्दल बोलेल असं वाटलं होतं. एकदाही बोलला नाही. हिवाळ्यात हुइयाचा फोटो आला: काचेखाली नवी पाटी, ‘मेरेआना’. पुतळ्याखालच्या सोनेरी अक्षरांपुढे अगदीच बारीक. खाली तिने लिहिलं होतं, "या वेळी जाऊन फक्त बघून आले. काही सांगावं लागलं नाही."