तारा सहा, अँटेना एक

माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही किरटं आहे, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. अण्णा, माझा थोरला भाऊ, गेला त्याला दोन महिने झाले. तिसऱ्या दिवशी आमच्या टिटवाळ्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटायला आले. फोटोला हात जोडले आणि लगेच खिडकीतून वर गच्चीकडे बघत म्हणाले, "त्या सहा तारा आता कधी उतरवताय, ताई?" त्या जोडलेल्या हातांची मला अजून किळस येते…

अण्णा सरकारी परवाना काढून घरातून रेडिओवर लांबलांबच्या लोकांशी बोलायचा. अँटेना घरीच बनवायचा, त्यात माझाही हात. एकशे त्रेचाळीसला बँडच्या, म्हणजे रेडिओवरच्या पट्ट्याच्या, आकड्यानं भागायचं, येतील तेवढे मीटर तार घ्यायची आणि मधोमध कापायची. चौथीचा भागाकार तेवढ्याला पुरला. "जरा लांबच घे गं, कमी करता येते, वाढवता येत नाही," म्हणायचा. सात, चौदा, अठ्ठावीस अशा तीन बँडच्या तीन जोड्या, पाइपच्या तुकड्यांनी एकमेकींपासून लांब धरलेल्या, आणि मधे सगळ्या एकाच केबलला जोडलेल्या. इतक्या बँडना मिळून एकच अँटेना, याचं त्याला भारी कौतुक.

सोसायटीनं गच्चीवरच्या अँटेनांना महिन्याचं भाडं लावलं. अण्णानं अर्जात 'एक' लिहिलं. कमिटीनं खालून तारा मोजल्या, सहा भाडी लावली आणि मीटिंगच्या वहीत लिहिलं, 'सभासदाने खोटी माहिती दिली.' अण्णा समजवायला गेला तर हसले. म्हणे, आम्हाला काय मोजता येत नाही? तारा कापून टाकतील म्हणून दोन वर्षं तो सहाचे पैसे भरत राहिला. पैशांचं नाही, त्याला 'खोटी' लागलं होतं. जेवता जेवता मधेच थांबायचा…

चार माणसांत मी कधी बोललेली नाही. पण अण्णा गेल्यावर महिन्याभरानं वार्षिक सभा झाली, तिथे उठले. म्हटलं, आमच्या घरी चला. अख्खी कमिटी मीटिंगची वही घेऊन आली. सेक्रेटरींना खिडकीशी उभं केलं.

"मोजा. आत किती येतात?"

"केबल ना? …एक."

"मग अण्णानं काय लिहिलेलं?"

एक जण मोबाइल काढून बघत बसला. वहीतली ती ओळ मी तिथेच खोडायला लावली. खोडता खोडता सेक्रेटरी म्हणाले, अण्णा म्हणजे आपल्या बिल्डिंगचं भूषण होते.

गेल्या रविवारी सेक्रेटरी जास्तीच्या पाच तारांचे दोन वर्षांचे पैसे पाकिटात घेऊन आले. त्यांच्यासमोर दोनदा मोजले. पूर्ण होते. चहा विचारला नाही.