टाकीपर्यंतची फेरी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मोटारसायकली दुरुस्त करतात. त्याही शर्यतीच्या, ज्यांच्यावर माणूस बसत नाही, पालथा पडतो. गॅरेजचा नियम एकच: दाजींनी स्वतः टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत फेरी मारल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या हाती जायची नाही. लग्नाच्या दिवशीही त्यांनी तो पाळला. ताई अजून ऐकवते.

त्यांची स्वतःची हजार सीसीची गाडी पंचवीस वर्षांची. सकाळी रुसते, आणि क्लच इतका जड की मला दोन्ही हात लागतात. दाजी म्हणायचे, "ही उलट बोलते तरी. नव्या गाड्या नुसत्या हो ला हो करतात."

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीनं नवी गाडी घेतली. ब्रेक कितीही दाबा, चाक अडकत नाही. चालत्या गाडीत क्लचशिवाय गिअर पडतो. घसरू लागली तर स्वतःच जोर आवरते. दाजी वीस मिनिटांच्या फेरीला गेले ते दीड तासानं आले.

"दोष एकही नाही," ते म्हणाले. "हाच दोष."

मग तो दोष तपासायला ते रोज जाऊ लागले.

इकडे दुरुस्त झालेल्या जुन्या गाड्या भिंतीला लागून फेरीची वाट बघत उभ्या. गिऱ्हाइकाचा फोन आला की दाजी सांगत, आज वारा फार आहे. शेवटी ताईनंच मला सांगितलं, त्यांच्या डाव्या हाताची पकड कामातून गेलीय, जुना क्लच दाबवत नाही. फेरी थांबली तर हा माणूस गॅरेजला कुलूप लावणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

लेकीनं कुणाला विचारलं नाही. भिंतीजवळची पहिली गाडी काढली. "फेरी मी मारते. बाबा, तुम्ही माझी घेऊन मागून या."

दाजींच्या मागे मी बसलो. त्या सीटला सीट म्हणणं हा मोठेपणा झाला. टाकीच्या वळणाआधी पोरीनं स्वतःच्या गाडीच्या सवयीनं धडाधड दोन गिअर उतरवले आणि मागचं चाक थडथडत आडवं जाऊ लागलं. कशीबशी सावरून ती कडेला थांबली. मला वाटलं, दाजी आता तिची हजेरी घेणार.

"गिअर उतरवताना थोडी रेस द्यायची," ते म्हणाले. "तुझी गाडी ते आपलं आपण करते. हिला कळवावं लागतं."

तिनं आणखी तीन फेऱ्या मारल्या.

गॅरेजच्या दारात गिऱ्हाईक उभंच होतं. "काय मास्तर, कशी आहे गाडी?"

दाजींनी लेकीकडे बोट केलं. "हिला विचारा," ते म्हणाले.

"गार असताना जरा अडखळते," लेक म्हणाली. "बाकी छान."

तिनं किल्ली बापापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. मग तिनंच गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली.