खांबापासून घरापर्यंत एक चर

आमच्या वाडीत इंटरनेट माकडं तोडतात.

ही तक्रार नाही, माहिती आहे. रस्त्यावरच्या खांबापासून आमच्या घरापर्यंत माडांमधून टांगलेली काळी तार त्यांना जायला-यायला सोयीची पडते. माकडं आली नाहीत, तर वरून झावळी पडते. आईच्या मते झावळी परवडली. ती निदान परत वर चढून दुसरी उडी मारत नाही.

मी पुण्यातल्या एका वर्तमानपत्रात सव्वीस वर्षं इतरांनी लिहिलेल्या बातम्या तपासतो आहे. नावं, आकडे, अंतरं. मालवणपासून अर्ध्या तासावरच्या घरी वर्षातून दोनदा जायचं, चतुर्थीला आणि मे महिन्यात. परतताना तळेऱ्याला गाडी घाटाकडे वळली की घशात काहीतरी अडकायचं. (पाणी प्यायलं की जायचं. निदान मी बायकोला तसं सांगायचो.) आई पंच्याहत्तरीची, घरात एकटी. साहेबांकडे मी इतक्या वेळा विषय काढला की शेवटी ते वैतागून म्हणाले, "बरं, गावाहून काम करा. पण सोमवारच्या दहाच्या बैठकीत तुम्ही पडद्यावर दिसला पाहिजेत. लाइन तुटली, तर मंगळवारी इथे!"

म्हणजे माझं सगळं त्या तारेवर आलं. मी ती जमिनीखालून न्यायची ठरवली. माकडं अजून खणायला शिकलेली नाहीत.

मोजमाप मी स्वतः केलं. खांब ते पडवी, सरळ रेषेत, एकशे बेचाळीस फूट. टेपने दोनदा मोजलं, आलेखाच्या कागदावर नकाशा काढला, त्यावर उत्तर दिशा दाखवली. मग दीडशे फुटांची तार आणली, दोन्ही टोकांना कारखान्यातच पिना बसवलेली. आठ फूट जादा, कारण कोकणी माणूस दूरदृष्टीचा असतो.

शनिवारी सकाळी बाबल पहार आणि कुदळ घेऊन आला. आमच्याकडची सगळी खोदकामं तोच करतो. मी त्याच्यापुढे नकाशा धरला. त्याने तो आदराने उलटा पाहिला, परत दिला आणि गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर बसला.

"सुरुवात कर," मी म्हणालो.

"गाऱ्हाणा खंय झाला?"

गाऱ्हाणं म्हणजे जमिनीला हात लावण्याआधी नारळ ठेवून देवाला आपलं म्हणणं मोठ्याने सांगायचं. ते काम शेजारच्या भाऊकाकांचं. हे माझे चुलत काका. ते डोक्याला टॉवेल गुंडाळून आले आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"ह्यो आमचो झील सव्वीस वर्सां पुण्यात रवलो. आता घराकडे येवक बघता. तेची ही लायन सुखरूप घराक लागांदे. वाटेत कायव आडो इलो तर तो बाजूक कर. आणि तेका हयसरच रवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या सायबाक बरी बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" (हा आवाज माझ्या एकट्याचा. बाकीचे दचकले.)

व्यावसायिक नजरेने पाहिलं तर मजकुरात माणूस, मुक्काम आणि मागणी पहिल्या तीन वाक्यांत आली होती. आमच्या वार्ताहरांना हे जमत नाही. 'हयसरच रवांदे', म्हणजे इथेच राहू दे, या शब्दांशी माझे डोळे चुरचुरले. धूळ असावी. खोदाई सुरू व्हायची होती, ही गोष्ट वेगळी.

पहिले वीस फूट चर माझ्या नकाशाप्रमाणे गेला. मग बाबल थांबला.

"फुडे राखणदाराचो दगड."

"तो नकाशात नाही."

"नकाशात नाय, पण जाग्यार आसा ना!"

राखणदाराला, म्हणजे जमीन राखणाऱ्या देवाला, वळसा घातला. पुढे फणस आला. "मुळाक पहार लागली तर फणस रुसतलो," बाबल म्हणाला, "मगे यंदा एक गरो गावाचो नाय." फणसालाही वळसा. तिथून पुन्हा सरळ रेषेवर येतोय तोच पडवीतून आईची हाक आली.

"अरे, थंय नको! थंय कपिला आसा!"

कपिला आमची गाय. "आई, कपिला जाऊन नऊ वर्षं झाली."

"म्हणान तर थंय आसा!"

यावर कुठलाही संपादक काही करू शकत नाही. मी बाबलला हात केला. आई खाली आली आणि सांगत सांगत चराच्या कडेने चालू लागली. कपिला शेवटच्या दिवशी कशी उठेना, बाबलनेच खड्डा कसा खणला, आणि त्या रात्री शेजारणी कशा बसायला आल्या. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. फोनवर तेव्हा ती 'बरा चल्लासा' म्हणाली होती. एवढंच. मी वही खिशात घातली. माझ्याच परड्यात मला कोणीतरी ओळख करून देत होतं, आणि त्या दुपारी मी काहीही मोजलं नाही.

नेमकं तेच नडलं.

रविवारी भाऊकाका घाईघाईने आले. "त्या अंगान जाव नको रे! थंय माजी पाण्याची पायप आसा, अंदाजान."

"अंदाजाने म्हणजे कुठे?"

"ताच तर म्हायत नाय! म्हणान लांबसून जा!"

आम्ही लांबून गेलो, पार मांगराच्या मागून. (मांगर म्हणजे गुरं आणि गवत ठेवायची खोपी.) तिथे बाबलने पहार मारली आणि पाण्याचा फवारा थेट माझ्या चष्म्यावर आला!

"गावली!" भाऊकाका टाळ्या पिटत ओरडले. "सात वर्सां शोधतंय मी हिका!"

पाइपला फडकं आणि रबर बांधण्यात दुपार गेली. काका इतके खूश होते, की त्यांनी सगळ्यांना सोलकढी पाजली. बाबलची पद्धत अशी, की तार घालत जायची आणि मागचा चर लगेच बुजवत यायचं. उघड्या चरात गुरं पडतात. त्यामुळे दिवस मावळताना आमच्या मागे सपाट जमीन होती, पुढे मांगराची भिंत होती, आणि बाबलच्या हातात तारेचं दुसरं टोक होतं.

"आता फुडे?" बाबलने विचारलं.

मी टेप काढली. टोकापासून पडवीपर्यंत अकरा फूट. देवाने गाऱ्हाणं ऐकलं होतं, फक्त अडथळे बाजूला करण्याऐवजी त्याने लाइनच बाजूला केली होती.

लाइनवाल्याला फोन केला. तार जोडायचं मशीन दुसऱ्या गावाला गेलं होतं, आठ दिवसांनी येणार. तोवर इंटरनेटचा डबा मांगरात बसवला. वायफाय तरी घरात येईल, असं मला वाटलं होतं. घराच्या दीड फुटी चिऱ्याच्या भिंतीपुढे त्याने हात टेकले.

"इतको लांबसून इलंस," आई पडवीतून म्हणाली, "आणि हयसर येवन अडाकलंस!"

सोमवारी पावणेदहाला मी इस्त्रीचा शर्ट घालून मांगरात बसलो. गवताच्या भाऱ्यावर लॅपटॉप, मागे आईची जुनी साडी पडदा म्हणून. दहाच्या ठोक्याला बैठक सुरू झाली. दहा वाजून चार मिनिटांनी मागे बांधलेल्या म्हशीने पडदा खायला घेतला. दहा वाजून सहा मिनिटांनी ती माझ्या खांद्यावरून साहेबांकडे पाहत होती.

मी डोळे मिटून मंगळवारच्या गाडीचा विचार केला. तळेरं, घाट, पाण्याची बाटली.

"आवाज स्वच्छ आहे," साहेब म्हणाले. "चित्रही हलत नाही. आमच्या इथे एवढं चांगलं येत नाही हो! असं करा, जिथे बसला आहात तिथूनच काम करा. कायमचं. फक्त आता काही हलवाहलव करू नका."

"नाही करणार, साहेब."

"म्हणजे सव्वीस वर्षांनी एकदाचे घरी पोचलात म्हणायचं!"

मी साडीच्या उरलेल्या भागाकडे पाहिलं. तिच्यापलीकडे, दारातून, पडवीच्या पायरीवर आई चहाचा कप घेऊन माझी बैठक संपायची वाट बघत उभी होती.

"पोचलो, साहेब," मी म्हणालो.

नोकरीत माझ्या हातून गेलेली ही पहिली चुकीची माहिती. फरक अकरा फुटांचा. शुद्धिपत्रक मी अजून दिलेलं नाही. ते म्हशीनेच द्यावं, असं ठरवलं आहे. कार्यालय तिचं आहे.