मंडईच्या दिवशी नेलेली मोरांची पेटी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगताना पुढे मलाच हसू आवरत नाही आणि मुद्दा राहून जातो. मूर्खपणा सगळा माझा आहे. आणि तो करायला मी शर्टाला कडक इस्त्री करून गेलो होतो!

माझी बायको मंगला शिक्षिका होती. जातपात, मुलींचं शिक्षण, जंगलपट्ट्यातून येणारी मुलं, अपंग मुलं, या सगळ्यांना वर्गात सारखी वागणूक कशी मिळेल यावरची पुस्तकं ती जमवायची. म्हणायची, ही आधी मास्तरांनी वाचायला हवीत. ती गेली, पुस्तकं राहिली. मग मी ठरवलं, शिक्षकांना ती वाचायला द्यायची. या शाळेतून त्या शाळेत फिरणारी पेटी.

पेटी म्हणून घरात धड अशी एकच होती. तिच्या माहेरहून लग्नात आलेली. हिरवीगार, झाकणावर गुलाबाची फुलं आणि समोरासमोर दोन मोर.

पहिल्या शाळेत त्या पेटीवर पोषण आहाराचे तांदळाचं पोतं ठेवलं गेलं. दुसरीत पिण्याच्या पाण्याचा माठ. कडीसुद्धा कोणी उघडली नाही. मी मनाशी म्हटलं, आता आणखी एकदा अशी परत आली तर पलंगाखाली सरकवायची आणि विषय संपवायचा.

तेवढ्यात कळलं की बोदलकशाच्या तलावाकडच्या एका गावच्या शाळेत सुनंदा मॅडम शिकवतात, स्वतः वाचतात आणि दुसऱ्यांनाही वाचायला लावतात. म्हटलं, या बाई हो म्हणाल्या तर पेटी जगली.

आता मला सांगा, शहाण्या माणसाने काय केलं असतं? सरळ मॅडमना फोन. पण मी पडलो एकटा, आणि त्यांनी लग्न केलेलं नाही. थेट फोन करणं काही बरं दिसेना. त्यांचे मोठे भाऊ हिरालालभाऊ बाजारात भेटायचे, त्यांना लावला. म्हटलं, "ताईंबद्दल थोडं बोलायचं होतं. घरी येऊ का?"

पलीकडून एकदम लोण्यासारखा आवाज, "मंडईले या ना जी. सगळे घरीच असतात."

बाहेरच्यांसाठी सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. अर्ध्या सोयरिकींची बोलणी त्याच दिवशी निघतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं की. माझं स्वतःचं लग्न मंडईतच ठरलं होतं!

बरं, एकट्याने बाईमाणसाच्या घरी जाणंही बरं दिसेना. म्हणून सोबत डोमाजी काकांना घेतलं. चुलत काका, वयाने मोठे, बोलण्यात गोड. त्यांनी विचारलं, कशाला जायचं? मी म्हटलं, तिथे गेल्यावर कळेलच. ते स्वच्छ धोतर नेसून, नवा दुपट्टा टाकून तयार. ऑटोत मध्ये पेटी, इकडे मी, तिकडे काका. मंडईतल्या गर्दीने आम्हाला आपणहून वाट दिली. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

अंगणात ताजा सडा, रांगोळी. पेटी उतरवायला शेजारचे चारजण धावले. मॅडमच्या आई पुढे आल्या आणि त्यांनी पेटीला हळदकुंकू लावलं. माझे डोळे भरून आले हो! म्हटलं, काय हा पुस्तकांचा मान!

मॅडम मंडईत गेल्या होत्या, त्यांना बोलवायला कोणीतरी गेलं. तोवर आलूपोहे आले, करंज्या आल्या आणि मागोमाग प्रश्न आले. नोकरी किती राहिली, साखर वगैरे आहे का, वहिनी गेल्यावर स्वयंपाक कोण करतं. मी सगळी उत्तरं मन लावून दिली. वाटलं, किती आपुलकीची माणसं. काका मधूनमधून माझ्या शेतीचं सांगत होते. त्यांच्या तोंडून ऐकताना ती मलाही बरीच मोठी वाटली.

शेवटी मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, भाऊ, तुमचा होकार असला की झालं. महिनाभर ठेवून बघू. नाही जमलं तर परत, माझं काही म्हणणं नाही.

हिरालालभाऊंच्या हातातली बशी तिरपी झाली.

नेमक्या तेव्हा सुनंदा मॅडम दारात उभ्या. हातात जिलेबीचा पुडा. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्या इस्त्रीकडे पाहिलं, मोरांकडे पाहिलं. मग पुडा खाली ठेवून पेटी उघडली. एकेक पुस्तक काढून चाळलं. त्यातलं एक, बाईने आपले निर्णय आपणच घेण्याबद्दलचं, त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"सर, हे वाचलं का जी तुम्ही?"

"थोडं थोडं."

"थोडंच दिसते. पुस्तकं माह्या शाळेत ठेवाची, सांभाळाची मी, वाचाची मी. अन् तुम्ही विचारून कोणाले राहिले? माह्या भावाले!"

हिरालालभाऊ चाचरत म्हणाले, "म्हणजे तुम्ही पुस्तकं द्याले आले का जी?"

"हो. मग?"

डोमाजी काका उसळले. "काऊन रे, मले आधी सांगाचं होतं ना! मी इथं तुही शेती दुप्पट करून बसलो."

आईंनी माझ्यासमोरची करंज्यांची ताटली शांतपणे उचलली आणि काकांपुढे ठेवली.

पहिल्यांदा हसल्या त्या मॅडमच. मग भाऊ, मग शेजारचे, आणि शेवटी मी. मंगला गेल्यापासून इतकं हसलो नव्हतो. पोटात दुखेपर्यंत.

निघताना मॅडम म्हणाल्या, "पुस्तकं ठेवते सर. पेटी घेऊन जा. लग्नातली हाये, अशी गावोगाव फिरवू नका."

परतताना ऑटोत रिकामी पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. काका गावभर सांगत सुटले की मागणी न घालता नकार घेऊन येणारा जिल्ह्यात हा एकटाच.

पुस्तकं मात्र तिथे खरंच वाचली गेली. मॅडमनी सगळ्या शिक्षकांमध्ये फिरवली आणि पुढच्या शाळेचं नावही त्यांनीच सुचवलं. कोहमाऱ्याचे एक सर. या वेळी मी शहाणा झालो होतो. भाऊ नाही, काका नाही, थेट त्यांनाच फोन केला.

सर म्हणाले, "थांबा जी, घरी बायकोले विचारून सांगतो."

मी म्हटलं, "अवश्य विचारा. आणि त्यांना हेही सांगा, की मी एकटा येईन, इस्त्री न करता येईन, आणि पुस्तकं युरियाच्या पोत्यात आणीन."