नवरदेवाचं गळू

आमच्या घरात शिकलेला डॉक्टर एकही नाही. बाकी सगळेच डॉक्टर. धाकट्या भावाच्या मानेवर गळू आलं तेव्हा आईचं निदान तयार होतं: "गर्मी हाय." काका कधीकाळी एका मेडिकलवर बसायचे, तेवढ्या अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले. त्यांनी गोळ्या आणून दिल्या. ठणका थांबला की भावानं गोळ्या सोडल्या, उरलेल्या आईनं जपून ठेवल्या आणि पुढच्या गळवाला त्याच काढल्या. मग काकांनी त्याहून भारी आणल्या, त्याही अर्ध्याच घेतल्या.

लग्न तोंडावर आलं आणि पाठीवर लिंबाएवढं उठलं. मी त्याला अक्षरशः ओढत मलकापूरला नेलं. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, तपासायला पाठवला. रिपोर्टात नेहमीच्या बहुतेक औषधांपुढे एकच शब्द: रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. अर्धवट गोळ्यांनी दुबळे जंतू मरतात, दांडगे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते, असं डॉक्टरांनी समजावलं. आता चालेल असं औषध लिहून दिलं. ते पूर्ण घ्यायचं, जखम झाकायची, कारण हा जंतू स्पर्शानं पसरतो.

पूर्ण! आमच्या घरात पूर्ण होते ती फक्त पंगत.

हळदीच्या दिवशी मामीनं पहिलं काम केलं ते पाठीवरची पट्टी काढायचं. मी ओरडले, तर म्हणाली, "हळदीहून मोठं औषध कोणतं हाय वं? काऊन अपशकुन करून राह्यली?" मग सगळ्या बायांनी त्या जखमेवरून हात फिरवले आणि तेच हात पुन्हा वाटीत घातले. उरली ती उष्टी हळद. ती नवरीच्या अंगाला लावायची रीत, आणि नांदुऱ्याला तिच्या घरी पोचवायची मी, कारण करवली मीच. एका निरोगी पोरीला आम्ही वाजतगाजत रोग पाठवत होतो, आणि कुणाला काही वाटतही नव्हतं.

वाटेत गाडी थांबवली, वाटीसकट हळद नालीत फेकली, हात धुतले, दुकानातून नवी हळद घेतली. सोबतच्या मामीनं "करवली हाय का वैरीण?" म्हणून जो गळा काढला, तो नांदुरा येईपर्यंत थांबला नाही.

नवरी हळदीतून वाचली, घरातून कशी वाचणार? सासरी सगळ्यांना मिळून एकच टॉवेल. भावानं लग्न उरकताच गोळ्या सोडल्या. पाठीवर पुन्हा गळू आलं आणि पाठोपाठ वहिनीच्या मांडीवर.

मी माहेरी गेले होते, तेव्हा आई चारचौघींत सांगत होती, "हे दुखणं तिनं माहेरून आणलं. आमच्या पोरालेबी लावलं." चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिपोर्ट सगळ्यांदेखत वाचून दाखवणार, तेवढ्यात वहिनी लंगडत बाहेर आली.

"हाव आई, माझ्या माहेरचंच हाय," ती शांतपणे म्हणाली. "लय वाईट लागते हे. माझा टॉवेल येगळा ठेवा, त्याले कोणी हात नका लावू. अन् यायनं गोळ्या अर्ध्यात सोडल्या, तर पुऱ्या घराले होईन."

काय सांगू! ज्या आईनं वर्षभर माझं एक अक्षर ऐकलं नव्हतं, तिनं त्याच दुपारी सुनेच्या टॉवेलासाठी वेगळी दोरी बांधली. जो तो स्वतःचा वेगळा टॉवेल आणून लपवायला लागला. डॉक्टरांनी वहिनीचंही गळू फोडलं, तपासून औषध दिलं. भावाला तर आई समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची. दोघंही बरी झाली. सुनेच्या माहेरचं दुखणं आपण कसं घालवलं, हे आई अजून शेजारी सांगते.

"खोटा आळ काऊन घेतला अंगावर?" मी वहिनीला विचारलं.

"खरं तुमी सांगतलंच होतं ना, ताई," ती म्हणाली. "कोणी ऐकलं?"